खंडूला घर देताना

"स्वभावाने अतिशय शांत. लहान मुलांमध्ये छान रमतो. मोकळी जागा असलेल्यांना प्राधान्य." खंडूसाठी घर शोधताना मी अडॉप्शनच्या ग्रुपवर टाकलेल्या मजकुरात ही तीन वाक्यं होती. तिसरं ऐकीव समजुतीवरून लिहिलं होतं. पहिली दोन मात्र खोटी होती, आणि ते लिहिताना मला ठाऊक होतं.

खंडू सापडला २०२४ च्या जानेवारीत. दिंडोशी मेट्रो स्टेशनखाली, हायवेच्या सर्व्हिस रोडवर, रेलिंगला नायलॉनच्या दोरीने बांधलेला. शेजारी स्टीलची वाटी आणि पार्ले-जीचा अर्धा पुडा. म्हणजे टाकणाऱ्याला अगदीच काळीज नव्हतं असं म्हणता येत नाही. आमच्या भागात रात्री कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या एक ताई आहेत, त्यांचा फोन आला. "मोठं आहे गं, मला एकटीला झेपायचं नाही." मी गेले तेव्हा तो उठून उभाही राहिला नाही. लांबलचक पाय, रुंद छाती, फासळ्या वर आलेल्या. डॉक्टरांनी दात बघितले आणि म्हणाले, वर्षाच्या आतबाहेरचा असेल. "ग्रेट डेनचं रक्त दिसतंय, बाकी आपला गावठी. अजून भरेल हा."

असं जनावर रस्त्यात सोडून देणं हा गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे आणि पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड आहे दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आमच्या डेपोजवळ दोन वडापाव आणि कटिंग येतं. पिल्लू किती आठवड्यांचं झाल्यावर विकायचं, याचा नियम २०१७ पासून आहे. तेच पिल्लू दहा महिन्यांचं होऊन माणसाच्या खांद्यावर पाय टेकवायला लागलं की काय करायचं, हे मात्र विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. मोठ्या जातीची टाकलेली कुत्री बहुतेक याच वयाची असतात. पिल्लू म्हणून आणलेली, आणि अंगाने वाढली तरी डोक्याने पिल्लूच राहिलेली. मोठ्या चणीच्या कुत्र्याचं डोकं ठिकाणावर यायला दोन वर्षंही लागतात. मला हे तेव्हा वाचून माहीत होतं. वाचून माहीत असणं आणि तो ओट्यावर दोन्ही पाय टाकून उभा असणं यात फरक आहे.

पण ते नंतरचं. सुरुवातीला तो खरोखरच शांत होता. रक्त तपासलं तर गोचीडताप निघाला. प्लेटलेट खाली आलेल्या, हिरड्या पांढुरक्या. तीन-चार आठवड्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. घरात तो एका कोपऱ्यात पडून असायचा. कुकरची शिट्टी झाली, बेल वाजली, मुलगा मोबाइलवर ओरडला, तरी मान वर करायचा नाही. सासूबाई दत्तभक्त. त्या गुरुचरित्र वाचायला बसल्या की हा त्यांच्या पाटाशेजारी. त्यांनीच नाव ठेवलं खंडू. मी त्याच दिवसांत फोटो काढले. डोळे अर्धवट मिटलेले, हनुवटी पंजावर. लोकांना हेच आवडतं. डॉक्टर म्हणालेही होते, "हा खरा खंडू नाही, बरं का. ताप उतरला की भेटेल तो." मला वाटलं, डॉक्टरांचा नेहमीचा विनोद.

तो भेटला. गोळ्या संपत आल्या तशी भूक वाढली, मग ताकद आली, आणि मग आम्हा चौघांच्या घरात पाचवा माणूस राहायला आल्यासारखं झालं. तव्यावरची भाकरी काढून मी फडक्यात ठेवायची आणि मागे वळायची, तर फडकं जमिनीवर. फिरायला नेला की मी त्याला नेतेय की तो मला, हे रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांनाही कळायचं. ते हसायचे. मुलाच्या शर्टाची बाही धरून ओढणं हा त्याचा आवडता खेळ. दात लागत नव्हते, पण बाही राहत नव्हती. एकदा सासूबाई देवघरातून बाहेर आल्या आणि याने आनंदाने त्यांच्या छातीवर पाय टाकले. नशीब, मागे दिवाण होता. त्या दिवाणावर बसल्या आणि म्हणाल्या, "दत्ताच्या पायाशी चार असतात, आपल्याला एक झेपेना." आम्ही सगळे पोट धरून हसलो. मीही.

आणि जिन्यातली गोष्ट. वरच्या मजल्यावरचा सहा वर्षांचा मुलगा चेंडू घेऊन धावत खाली आला. खंडू दारात होता, पट्टा माझ्या हातात होता, पण सैल. त्याने चेंडूवर झेप घेतली आणि मधे आलेला मुलगा दोन पायऱ्या खाली गेला. गुडघा खरचटला. मी बेटाडीन लावलं, चॉकलेट दिलं, त्याच्या आईची माफी मागितली. ती भली बाई. म्हणाली, "होतं हो." त्याच आठवड्यात मी तो मजकूर लिहिला. खरं लिहिलं तर कुणी येणारच नाही, असं मी स्वतःला समजावलं. एकदा माणसं येऊ देत, त्याला बघू देत, प्रेमात पडू देत, बाकीचं सांभाळून घेतील. हा काही माझा एकटीचा शोध नाही. अडॉप्शनच्या अर्ध्याअधिक मजकुरांमागे हाच हिशेब असतो.

फोन बरेच आले. प्रश्न ठरलेले. ब्रीड कुठली? खातो किती? चावतो का? दोघातिघांना मेटिंगसाठी नर हवा होता. नसबंदी करूनच देणार म्हटल्यावर त्यांनी फोन ठेवले. हाडं भरेपर्यंत थोडं थांबा, असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून ती अजून व्हायची होती. एकाला गोदामावर बांधायला हवा होता. त्याला मी नाही म्हटलं आणि स्वतःवर खूश झाले. ही खुशी पुढे उन्हाळ्यापर्यंत टिकली.

पहिलं घर मिळालं गोरेगाव पूर्वेच्याच एका टॉवरमध्ये. नवरा-बायको, आठ वर्षांची मुलगी, आणि नवऱ्याची आई. माझा फॉर्म त्यांनी टाइप करून ईमेलने पाठवला, अगदी व्यवस्थित. बोलणं इंग्रजीत, मोठा हॉल, गाडी. त्या फॉर्मवरच मी निम्मी विरघळले होते. घर बघायला गेले तेव्हा आजी सोफ्यावर बसल्या होत्या. उठताना त्यांनी बाजूच्या टेबलाला हात टेकला. ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मुलीच्या आईने विचारलं, "अंगावर उड्या मारतो का?" मी म्हटलं, "सुरुवातीला जरा, आनंद झाला की." यात शब्द खोटा एकही नाही. खोटेपणा सगळा त्या 'जरा'मध्ये होता.

तिथे गेल्यावर पहिल्याच दिवशी कळलं की खंडू लिफ्टला घाबरतो. आम्ही पहिल्या मजल्यावर, जिन्याने ये-जा. मला ते कळायचा संबंधच आला नव्हता. चोविसाव्या मजल्यावरून दिवसातून चार वेळा त्याला लिफ्टमध्ये ओढत न्यायचं आणि ओढत आणायचं, हे त्या बाईने महिनाभर केलं. ओढलेला, घाबरलेला, पुरेसा न फिरलेला कुत्रा घरात आला की जे करतो, ते तो करायचा. एका संध्याकाळी आजी दार उघडायला उठल्या आणि त्याने सासूबाईंना जसे पाय टाकले होते तसेच टाकले. तिथे मागे दिवाण नव्हता. मनगट मोडलं.

मुलीची आई स्वतः त्याला सोडायला आली. दारात उभं राहून तिने एवढंच विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं का?"

"नाही हो," मी म्हटलं. "आमच्याकडे असं कधीच केलं नाही."

आतल्या खोलीत सासूबाई होत्या. त्यांनी ऐकलं. त्या रात्री त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि त्यांनी ते का केलं हे विचारायची मला गरज पडली नाही. पण मी तिथेही थांबले नाही. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर लिहिलं की लोक कुत्रा म्हणजे मिक्सर समजतात, वॉरंटीत परत करतात. नाव घेतलं नाही, पण टॉवरचा उल्लेख केला. ज्यांना ओळखायचं होतं त्यांनी ओळखलं. लाल चेहरे, जोडलेले हात, "अशा लोकांना कुत्रा देऊच नये", सगळं यथासांग आलं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

परत आलेल्या खंडूचं स्वागत सोसायटीने केलं नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याचं ते परिपत्रक आलं होतं, तेवीस 'धोकादायक' जाती आणि त्यांच्या संकरांवर बंदी घालायला सांगणारं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवलं, पण यादी मोबाइलवर फिरायची ती फिरलीच. सोसायटीतल्या एका काकांनी ती मला पाठवून विचारलं, "आपला यात बसतो का?" ग्रेट डेन त्या यादीत नव्हता. तेवढं सांगून विषय संपला असता. पण मला जिंकायचं होतं. भारतीय पशु कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, बहुमताचा ठराव करूनही नाही. ती सगळी पीडीएफ मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकली, खाली दोन ओळी जरा झोंबतील अशा. कमिटी गप्प झाली. आणि त्या दिवसापासून खंडूचं प्रत्येक भुंकणं नोंदलं जायला लागलं. आधी जिन्यात "काय रे खंडू" म्हणणारे लोक भिंतीकडे तोंड करून उभे राहायला लागले. कायदा माझ्या बाजूने होता. शेजार गेला.

नवरा म्हणाला, खाली राहू दे, खायला घालू. मी त्याला वेड्यात काढलं, आणि त्या एका बाबतीत मी बरोबर होते. घरात वाढलेला कुत्रा खाली सोडला की गल्लीतले आधी त्याला फाडतात. आणि आमच्या पाठीशी जंगल आहे. एकीकडे आरे, एकीकडे राष्ट्रीय उद्यानाची हद्द. बिबट्या दिसला, ही बातमी दिंडोशीत कुणाला नवी नाही. उद्यानातल्या बिबट्यांच्या आहाराचे अभ्यास झाले आहेत आणि त्यात कुत्र्यांचा वाटा मोठा निघाला आहे. रात्री कंपाउंडमध्ये झोपलेला कुत्रा सकाळी नसतो, हे वॉचमन लोक सहज सांगतात, दूधवाला आला नाही त्याच सुरात.

म्हणजे घर हवं होतं, आणि आता घाईने हवं होतं. त्याच सुमाराला तो माणूस आला.

चित्रनगरीत लाइटमन. संतोषनगरला खोली. घरी आई, बायको, बायको शिवणकाम करते, म्हणजे दिवसभर दाराला कुलूप कधी नाही. खाऊ घालणाऱ्या ताईंनीच पाठवला होता. ब्रीड नाही विचारली, खाणं नाही विचारलं. म्हणाला, "घाबरतो कशाला?"

मी म्हटलं, "लिफ्टला. बाकी कशाला नाही."

"असं कसं ताई. सगळे कशाला ना कशाला घाबरतात."

मग तो आमच्या जिन्यात आडवा बसला, खंडूकडे पाठ नाही आणि तोंडही नाही. हात मांडीवर. हाक नाही, चुचकारणं नाही. जिन्यातून कुणी येत होतं त्याच्याशी बोलला. खंडू दारातून बघत राहिला, मग हळूच आला, त्याच्या खिशाचा वास घेतला, बाहीचा घेतला, आणि उडी न मारता बाजूला बसला. माझ्याकडे इतक्या दिवसांत तो एकाही पाहुण्याजवळ असा बसला नव्हता. हे मी बघितलं. बघून आत गेले आणि फॉर्म आणला. फॉर्ममध्ये रकाने होते: घर स्वतःचं की भाड्याचं, चौरस फूट, मासिक उत्पन्न, आधी कुठली जात पाळली आहे का. हा फॉर्म मी कुठून तरी उचललेला. एकही रकाना 'आला कुत्रा की आधी काय कराल' असं विचारत नव्हता. त्याने पेन हातात धरलं, वाचलं, आणि जागा या रकान्यापाशी थांबला. तेवढं मला पुरलं. मी म्हटलं, "तसं एका ठिकाणी जवळजवळ ठरलंय हो."

"बरं," तो म्हणाला. "नाही जमलं तर सांगा."

आमचं स्वतःचं घर काही राजवाडा नाही. नागरी निवाऱ्यातल्या दोन खोल्या-स्वयंपाकघर. मृणालताई गोऱ्यांनी लढून ही वसाहत उभी केली ती बाजारात घर घेणं ज्यांच्या बापजन्मी शक्य नव्हतं अशांसाठी, आणि सासरे त्यातलेच एक. उत्पन्न आणि चौरस फूट यांचे रकाने लावले असते तर आम्हाला कुणी दारात उभं केलं नसतं. त्याच घरात बसून मी संतोषनगरच्या खोलीला नापास केलं. तेव्हा मनात म्हटलं होतं, एवढा मोठा कुत्रा, त्याचे हाल होतील. खरं म्हणजे मला त्या खोलीत खंडू दिसत नव्हता आणि दिसायला नको होता. फोटो टाकायला बरा दिसला नसता.

'जवळजवळ ठरलेलं' ठिकाण म्हणजे मुरबाडकडचं एक फार्महाउस. मालक अंधेरीचे. मोबाइलवर फोटो दाखवले: आंबे, चिकू, विहीर, दोन एकरांना तारेचं कुंपण. "इथे धावेल तुमचा खंडू." ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मोठ्या कुत्र्याला मोठी जागा, हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलेलं आहे की कुणी तपासून बघत नाही. डेन जातीचा कुत्रा दिवसातला बराच वेळ लोळतो. त्याला सकाळ-संध्याकाळ दमवणारं फिरणं लागतं आणि बाकी वेळ माणूस लागतं, पायाला पाठ टेकायला. दोन एकरांत एकटा सोडलेला कुत्रा धावत बसत नाही. तो फाटकाशी बसून वाट बघतो. मी घर बघायला गेले नाही. पाऊस तोंडावर होता, मुलाची दहावी सुरू झालेली, सोसायटीत रोज काहीतरी. व्हिडिओ कॉलवर बाग बघितली आणि होकार दिला. तिथे राहणाऱ्या माळी जोडप्याशी एक शब्द बोलले नाही. खंडूबरोबर राहणार होते ते, मालक नव्हे. मालक महिन्यातून एखादा रविवार येणार होते.

आधी फोटो आले. मग "नेटवर्क नसतं तिकडे." ऑगस्टमध्ये मी न कळवता गेले. खंडू पंपाच्या पत्र्याखाली होता, साखळीला. गळ्यात साखळीच होती, पट्टा तुटला म्हणून. मानेच्या खालच्या बाजूला केस गेलेले, कातडी सोललेली, आणि पावसाळ्यात उघड्या जखमेचं जे होतं ते झालं होतं. अळ्या पडल्या होत्या. त्याने मला ओळखलं. उठायचा प्रयत्न केला, साखळी ताणली गेली आणि तो परत बसला.

माळ्याची बायको पुढे आली. "सोडला का कोंबड्या धरतोय. सायेब म्हनले बांध. माझी पोरं लहान हायत ताई, मला भ्या वाटतं." तिने रोज त्याला वरणभात घातला होता, स्वतःच्या हाताने, लांबून. तिच्यावर राग काढायला जागा नव्हती. मग मालकांना फोन लावला आणि त्यांच्यावर काढायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, मोकळी जागा पाहिजे हे तुम्हीच लिहिलं होतं. माणूस पाहिजे असं कुठे लिहिलं होतं?" माणूस उर्मट होता. बोलला ते खरं होतं.

मान भरून यायला गणपती उलटले. तोपर्यंत एक नवीन भीती जमा झाली होती. साखळीचा, किल्ल्यांच्या जुडग्याचा, कुठल्याही लोखंडाचा खळखळ आवाज आला की तो पलंगाखाली डोकं घालायचा. बाकी धड बाहेर. मी त्या लाइटमनला फोन केला. तो म्हणाला, "ताई, तुम्ही म्हणालात ठरलंय. सेटवर एक तीन पायांची कुत्री यायची, ती आणली मी." आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. आजही फिल्मसिटी रोडला तो कधी दिसतो, ती कुत्री मागे लंगडत, पट्ट्याशिवाय, बरोबर त्याच्या डाव्या पायाला.

टॉवरमधल्या त्या घरीही मी गेले. मला माहीत होतं आणि मी खोटं बोलले, हे सांगितलं. ग्रुपवर लिहिलं त्याचंही सांगितलं. बाईंनी आत बोलावलं नाही. "आईंचा हात अजून पूर्ण वळत नाही," म्हणाल्या. "आता सांगून काय करू मी?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ग्रुपवर मी दुरुस्ती टाकली. तिला दोन अंगठे आले.

शेवटी घर सुचवलं डॉक्टरांनी. मुलुंड पूर्वेला एक भाऊ-बहीण राहतात, दोघंही पन्नाशीतले, भाऊ घरून काम करतो. त्यांच्याकडे चिंगी नावाची म्हातारी गावठी कुत्री. बाईंचा फोन आला आणि पहिलं वाक्य होतं, "चांगलं काही सांगू नका, ते फोटोत दिसतं. वाईट सगळं लिहून पाठवा."

मी वहीचा कागद घेतला. मांजर दिसली की खांदा निखळेल इतका ओढतो. ओट्यावरचं, टेबलावरचं, हातातलंही उचलतो. म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर पाय टाकतो, एकीचं मनगट मोडलं आहे. लहान मुलगा धावला की मागे धावतो. लिफ्टला घाबरतो, साखळीला घाबरतो, ढोलाला घाबरतो. एकटा ठेवला की दार ओरबाडतो. सोफ्यावर चढतो, अजिबात चढू देऊ नका, एकदा चढला की उतरत नाही. लिहिता लिहिता कागदाची मागची बाजूही भरली. वाचून झाल्यावर मला खात्री होती की फोन येणार नाही. आला. "लिफ्टचं काही नाही, आमच्याकडे तीन मजले, लिफ्ट आहे ती बंदच असते. दार ओरबाडायला घर रिकामं कधी नसतं. म्हाताऱ्या माणसांचं बघावं लागेल, मी काही तरणी नाही. पण चिंगी काय म्हणते ते आधी बघू."

चिंगीला घेऊन त्या दिंडोशीला आल्या. घरात नको म्हणाल्या, माझ्या दारात तो राजा, तिच्या दारात ती राणी, भेट रस्त्यावर. एका फुटपाथवर मी आणि खंडू, समोरच्यावर त्या आणि चिंगी, एकाच दिशेने चालायचं. थांबायचं नाही, एकमेकांकडे तोंड करून उभं राहायचं नाही. वळणावर अंतर थोडं कमी करायचं. परत चालायचं. डेपोपर्यंत गेलो, परत आलो, तोवर मधे हातभर जागा राहिली होती. खंडूने मग व्हायचं तेच केलं, झेप घेतली. चिंगी पळाली नाही. ओठ वर केला, एक गुरगुर, आणि त्याच्या नाकासमोर हवेत एक चावा. लागला कुठेच नाही. खंडू बसला. चक्क बसला, कान मागे टाकून, आणि तिच्याकडे तिरकं बघत राहिला. कुत्र्याचं कॉलेज दुसरा कुत्राच चालवतो, असं बाई म्हणाल्या. मी इतके महिने "नो, नो" ओरडत होते.

तरी त्यांनी लगेच नेला नाही. फटाके जाऊ देत म्हणाल्या. दिवाळीच्या तोंडावर नव्या घरात आणलेला कुत्रा पहिल्या लवंगीला उधळतो आणि मग सापडत नाही. दिवाळीनंतर, नसबंदीचे टाके सुकल्यावर न्यायचं ठरलं. फॉर्म या वेळी त्यांचा होता आणि सही माझी. महिनाभर चाचणी. नाही जमलं तर परत आणू, तुम्ही कारण विचारायचं नाही आणि गावभर सांगायचं नाही. (डॉक्टरांनी काहीतरी सांगितलं असणार.) मी बोलावेपर्यंत भेटायला यायचं नाही.

दिंडोशी आणि मुलुंड यांच्यामध्ये फक्त एक डोंगर आहे. त्याच्या पोटातून बोगदा काढायचं काम आता सुरू आहे. तोपर्यंत जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्याने वळसा. दोन रिक्षावाल्यांनी खंडूला बघून मान हलवली, तिसरा म्हणाला, "बसवा, माझ्याकडे गावाला असलाच आहे."

शेवटची चूक त्यानंतरची. भेटायला यायचं नाही, ही अट मला पटली नव्हती. दोन आठवडे कसेबसे काढले आणि ऐरोलीला एका लग्नाला गेले होते तिथून सरळ त्यांच्या घरी. खंडू मला बघून रडला, अंगावर आला, लोळला, मीही रडले. तासाभराने मी निघाले. त्यानंतर तो दारापाशी बसून राहिला, जेवला नाही, रात्री दार ओरबाडायला लागला, जे तो तिथे गेल्यापासून विसरला होता. बाई दुसऱ्या दिवशी फोन करून अर्धा मिनिटच बोलल्या. "तुम्ही तुमच्यासाठी आला होतात. आता मी सांगीन तेव्हाच."

त्यांनी सांगितलं ते उन्हाळ्यात. खंडू आला, माझ्या हाताचा वास घेतला, शेपूट हलवली आणि चिंगीच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेला, कारण तिथे कुणीतरी पोळ्या करत होतं.

आता रविवारी फोटो येतो. मागच्या फोटोत सोफ्यावर एका टोकाला चिंगी, उरलेल्या सोफ्यावर खंडू पाय पसरून, आणि बाईंचा भाऊ लॅपटॉप घेऊन खाली सतरंजीवर. मी विचारलं, कागदात लिहिलं होतं ना मी? उत्तर आलं: "वाचलं होतं. दादाने नाही वाचलं."